घरची बाय

खोडाळा, ९ जुलै १९५४

देवजी,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायची रीत आहे. या खेपेला तो मी राखून ठेवला आहे. तू कसा वागतोस ते पाहून देईन.

तू कॉलेज सोडून सारनाथला गेलास हे मला तुझ्या खानावळवाल्यानं सांगितलं. मी नागलीचे लाडू घेऊन नाशिकला आले होते, आणि तो बिचारा म्हणतो, “बाई, तुम्हाला ठाऊक नाही?” खानावळवाल्याला ठाऊक आणि सख्ख्या बहिणीला नाही! लाडू त्याच्याच पोरांना वाटले आणि परतीची एस.टी. धरली. घाटात इतकी रडले की शेजारच्या म्हातारीनं विचारलं, घरातलं कुणी गेलं का. मी हो म्हटलं.

आता तुझं पत्र आलं. चार पानांतली तीन सोपाऱ्याच्या पूर्णाची, एक तुझं. पूर्ण व्यापारी होता, बुद्धाचा शिष्य झाला आणि जिथली माणसं भारी तापट त्याच मुलखात जायला निघाला. बुद्धानं विचारलं, लोक शिव्या देतील तर? हा म्हणतो, भली माणसं, मारत तर नाहीत. मारलं तर? भली माणसं, जीव तर घेत नाहीत. गोष्ट चांगली आहे. मीही तसंच शिकते आहे. भाऊ न विचारता गेला. भला आहे, पत्र तरी धाडलं. पत्रात माझी खुशाली विचारली नाही. भला आहे, पूर्णाची तरी कळवली. पण पूर्णाला निघण्याआधी समोर बसवून कुणी चार प्रश्न विचारले होते. मला तू एकही विचारला नाहीस.

आणि सोपारा काय काशीपलीकडे आहे? आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. तिथल्या माणसाला शोधायला सारनाथला कशाला जायला हवं?

आई-आबा पटकीनं एका आठवड्यात गेले तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. आबा जव्हार दरबारचे शिपाई, म्हणून संस्थानानं मला मुलींच्या शाळेत मास्तरीण केलं. तुला मागच्या बाकावर झोपवून मी बाराखडी शिकवायची. पोशेऱ्याच्या स्थळानं “भावाला मामाकडे ठेवा” म्हटलं, त्यांना चहासुद्धा न देता वाटेला लावलं. संस्थान विलीन झालं, शाळा बोर्डाकडे गेली, माझी बदली इथं मोखाड्याच्या डोंगरात झाली, तरी तुझी शाळा एक वर्ष चुकू दिली नाही. उपकार म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतेच आहे.

लावणीमुळे वर्ग ओस पडला आहे आणि माझं मन ठिकाणावर नाही. परत ये.

बाय

खोडाळा, २० सप्टेंबर १९५४

देवजी,

पत्रामागून पत्र येतं, पण “येतो” हा शब्द कुठं नाही. गोष्टी मात्र पोतंभर. त्या मी शाळेत सांगून टाकते, नाहीतर त्या माझ्याच डोक्यात फिरत बसतात. पोरं इतकी रंगतात की गाई राखायला पळणारीही शेवटच्या तासाला परत येतात. शेजारची बुधी दळण बाजूला ठेवून ओसरीवर येऊन बसते.

पण एक सांग, तुझ्या या थोर माणसांतलं घरी कुणीच कसं परतत नाही? पूर्ण गेला तो गेलाच. अतीश दीपंकर म्हातारपणी हिमालय ओलांडून तिबेटात गेला आणि तिकडेच वारला. ज्या कुमारजीवाची गोष्ट तू सुरू केली आहेस, तो चीनच्या वाटेवर आहे, म्हणजे त्याचंही लक्षण ठीक दिसत नाही. एक ह्युएनत्संग तेवढा पोथ्या बांधून आपल्या घरी गेला. तो चिनी, त्याला घर आठवलं. आपल्याच लोकांना काय होतं?

इथं नवीनच घोटाळा झाला आहे. तू गुरूकडे विद्या शिकायला गेलास हे कळल्यावर सगळ्या पाड्यानं धरून चाललं आहे की तू भगत व्हायला गेलास. परवा बुधीचा दीर जिव्या कोंबडं काखेत मारून आला आणि म्हणाला, “बाई, भाऊ कव्हा येल? म्हस दूध देत नाय. कुनी केलंय का काय, तेवढं बघाया पायजे.” मी त्याला सांगितलं, तो भूत उतरवायला नाही, वाचायला गेला आहे. तो म्हणाला, “वाचाया तं तुमी पन वाचता. त्याला कशाला एवढ्या लांब जाया पायजे?” मी कोंबडं परत देऊन त्याला वाटेला लावलं.

बुधीचं वेगळंच. तिनं मला खडसावून विचारलं, शिधा काय दिला होतास. कसला शिधा म्हटलं, तर म्हणाली, “आमच्यात कोन भगत व्हाया निंगला, तं घरची बाय तांदूळ बांधून देते. ते गुरूच्या पुढं ठेवायचे. तिचे हातचे तांदूळ नसले तं गुरू त्याला बसवतच नाय.”

“आणि आई नसली तर?”

“आई नाय तं बायको. बायको नाय तं बहीन. घरची बाय कोन तरी अशेलच ना? का भुईतून उगवला तो?”

मी हसले. नंतर दिवसभर चिडचिड करत राहिले. दोघांना विनाकारण छडी मारली आणि संध्याकाळी त्यांना गूळ देऊन आले.

कुमारजीवाचं पुढं काय झालं ते लिही. पोरं विचारतात. मी नाही विचारत.

बाय

खोडाळा, १८ डिसेंबर १९५४

देवजी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा घडी करून डब्यात टाकलं. चौथ्यांदा उत्तर लिहायला बसले आहे.

माघी पौर्णिमेला तुला भिक्षू करणार म्हणतोस. त्याआधी मोठे भन्ते सगळ्यांसमोर विचारतात: मनुष्य आहेस ना? काही रोग नाही ना? कुणाचा दास नाहीस ना? कर्ज नाही ना? सरकारी चाकरीत नाहीस ना? आई-बापाची परवानगी आहे ना? आणि पुढं तू आनंदानं लिहितोस, “बाय, मला अडचण नाही. ज्याचे आई-बाप हयात नाहीत त्याला परवानगी लागत नाही, असं भन्ते म्हणाले.”

अडचण नाही! वा रे वा. आई-आबा मेले ते तुझी सोयच करून गेले म्हणायचे.

हा नियम कसा झाला तेही तूच लिहिलंस. राहुल सात वर्षांचा, बापाकडे वारसा मागायला गेला आणि मुंडन करून बसला. तेव्हा म्हातारा शुद्धोदन बुद्धाला म्हणाला, तू गेलास, सोसलं. आता नातू गेला. पोराची माया कातडी कापून मांसात जाते, मांस कापून हाडात, हाड कापून मज्जेत. यापुढे आई-बापाला विचारल्यावाचून कुणाचं पोर घेऊ नका. आणि बुद्धानं ते ऐकलं. वाचून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. म्हाताऱ्यानं माझ्याच मनातलं बोलून ठेवलं आहे.

मग गौतमीचं काय? बुद्धाची आई सातव्या दिवशी गेली. त्याला अंगावर पाजलं मावशीनं. गोवर आला तर उशाशी बसली असेल ती मावशी. नियम केला तेव्हा ती त्याच राजवाड्यात होती ना? तिचं नाव घालायला काय झालं होतं? उलट ती स्वतः संघात यायला निघाली तेव्हा तिला तीन वेळा नाही म्हणाले. केस कापून, पाय सुजवून, धुळीनं माखून ती दाराशी रडत उभी राहिली. बुद्धाचा शिष्य आनंद मध्ये पडला नसता तर तशीच उभी राहिली असती. तुमच्या एवढ्या मोठ्या गुरूनं सगळ्या जगाचं दुःख पाहिलं, पण वाढवणारीचं पाहायला दुसऱ्यानं कानात सांगावं लागलं. लिहिते आहे ते पाप असेल तर असू दे.

आमच्या बुधीचा भगत म्हशीला लागलेली नजर काढतो. त्याला धड दहापर्यंत मोजता येत नसेल. पण पोराला बसवायच्या आधी तो विचारतो, घरची बाय कोण, तिनं तांदूळ बांधले का. तुझे भन्ते एवढे शास्त्री, आणि त्यांना तू भुईतून उगवलेला चालतोस.

तू मला विचारू नकोस. नियमाप्रमाणे विचारायचं कारण नाही. मी कोण? जव्हारच्या ज्या खोलीत तू वाढलास तिथं मी बहुतेक भाड्यानं राहत असेन.

गौरा

खोडाळा, २७ फेब्रुवारी १९५५

चि. देवजी यास अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. एवढंसं कार्ड, पण मी ते हातात धरून शाळेपासून नदीपर्यंत गेले आणि परत आले. वर्गात सातचा पाढा दोनदा चुकले. पोरं खूश.

म्हणजे सगळे भिक्षू बसलेले, तू पिवळं वस्त्र हातांवर घेऊन गुडघ्यावर, सगळे प्रश्न सरळ पार पडले आणि आई-बापाच्या प्रश्नाला तुझं तोंडच उघडेना. भन्तेंनी पुन्हा विचारलं. म्हणाले, आई-बाप नाहीत ना तुला, मग ‘हो’ म्हणून मोकळा हो. तरी तू गप्प. शेवटी म्हणाले, ऊठ, ज्याला विचारायचं राहिलं आहे त्याला विचारून ये. आणि तू लिहितोस, “बाय, तू विचारू नकोस म्हणालीस, तरी विचारतो. तू नाही म्हणालीस तर उठून येईन.”

शहाणा माझा बाबा. इतक्या भरल्या पंगतीतून उठायला लाज वाटली असेल. वाटू दे. मला मात्र इतक्या महिन्यांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

तर ऐक. परवानगी नाही. देत नाही. विचारलंस म्हणून सांगते, नाही.

जव्हारच्या मामलेदार कचेरीत कारकुनाची जागा निघाली आहे. तिथले हेडक्लार्क आबांना ओळखत होते, त्यांच्याशी मी बोलले आहे. सरकारी नोकरी आहे, पक्की. पहिल्या गाडीनं ये. इगतपुरीला उतर, मी घ्यायला येते.

जिव्याला मी सांगून टाकलं, भाऊ येतो आहे, पण म्हशीचं त्याला कळत नाही.

तुझी बाय

खोडाळा, ३० ऑगस्ट १९५५

चि. देवजी यास आशीर्वाद.

जव्हारची खोली गळत नाही ना? मालकिणीला सांगून वरून पेंढा टाकून घे. शेजारच्या खानावळीत डाळ पातळ असते असं ऐकते. रविवारी येताना मोजे आणि फाटलेला सदरा आण.

तू दर रविवारी येतोस, पाणी भरतोस, लाकडं फोडतोस, वाढीन ते जेवतोस आणि सोमवारच्या पहिल्या एस.टी.नं जातोस. गावात सगळे म्हणतात, भाऊ असावा तर असा. मीही म्हणते.

एक विचारायचं होतं. मे महिन्यात तू इथं होतास तेव्हा पहाटे काहीतरी हळू म्हणायचास. मी कूस वळवली की थांबायचास. आता तेही म्हणत नाहीस. माझ्यासाठी थांबायची गरज नव्हती, मी जागीच असायचे. म्हणत जा की. चाल चांगली होती.

आणि कुमारजीव तू अर्ध्यावर टाकलास. चिनी सेनापतीनं त्याला पकडून नेलं इथपर्यंतच पोरांना माहीत आहे. समोर असतोस तेव्हा विचारलं तर “बघू” म्हणतोस. म्हणून पत्रानं विचारते. पत्रात तुला सुचायचं.

बाय

खोडाळा, ११ डिसेंबर १९५५

देवजी,

कुमारजीवाचं पाठवलंस. पूर्वी तीन पानं असायची, या वेळी एक. पण सांगून टाकलं पोरांना. त्या सेनापतीला त्याच्या विद्येशी काही देणं-घेणं नव्हतं. त्यानं त्याला वर्षानुवर्षं आपल्या गावात नुसतं ठेवून घेतलं. मस्तवाल बैलावर बसवून तो पडला की हसायचं. सोडलं मात्र नाही. पुढं दुसऱ्या राजानं त्याला राजधानीत नेलं, तेव्हा कुठं त्याचं तोंड उघडलं, आणि त्यानं चिनी भाषेत ज्या पोथ्या आणून ठेवल्या त्या तिकडचे लोक आजही म्हणतात.

बुधी ओसरीवरून म्हणाली, “मंग त्या सेनापतीला काय भेटलं, त्याला ठेवून?”

मी म्हटलं, आज वेळ झाली, जा घरी. अजून घंटेला अवकाश होता.

तू मुद्दाम लिहिलंस का हे? खरं सांग. तसं असेल तर मला राग येणार नाही. मुद्दाम लिहिलं नसेल तरच मला वाईट वाटेल.

आणि कुमारजीवाची आई! ते तू दोन ओळींत उरकलंस, पण मी अडकले तिथं. तिला भिक्षुणी व्हायचं होतं, नवरा नाही म्हणाला, तर तिनं जेवण सोडलं. अंगातलं त्राण गेलं तेव्हा तो हो म्हणाला. तू माझ्या घरी दोन्ही वेळ जेवतोस. भाकरी मागून घेतोस. एकदा ताट सरकवलं असतंस, एकदा ओरडला असतास, “बाय, तू माझा जन्म अडवलास,” तर मी तुला चांगलं झोडपलं असतं आणि आपण दोघं रडून मोकळे झालो असतो. तू विचारलंस, मी नाही म्हटलं, तू उठून आलास. असं कुणी ऐकतं का?

इथं थंडी आहे. शेकोटीजवळ बसवत नाही आणि आत गेलं तर आतही बसवत नाही. बोर्डातून कळलं, पुढल्या वर्षी वांगणीला बदली करतील. करू देत.

गौरा

खोडाळा, २५ मार्च १९५६

देवजी,

गुरुवारी मी जव्हारला आले होते. तुला कळवलं नाही आणि भेटलेही नाही, हे आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्याकडून कळायला नको.

बदलीचे कागद घ्यायला कचेरीत यायचं होतं. तुझ्या टेबलासमोरच्या व्हरांड्यात थांबले. वांगणीकडचा एक म्हातारा सातबाराचा उतारा घ्यायला आला होता. तू त्याला बसवलंस, उतारा दिलास, वाचून दाखवलास. त्यानं हात जोडले, तूही जोडलेस. सगळं नीट, काही खोट काढावी असं नाही. तो गेल्यावर तू दुसरा कागद ओढलास. खिडकीतून बाहेर पाहिलंस, तर मी खांबाआड झाले. पण तू कुठं पाहत नव्हतासच.

हेडक्लार्क दारात भेटले. खूश होऊन म्हणाले, “बाई, असा कारकून शोधून मिळायचा नाही. दिवस दिवस तोंडातून शब्द नाही.”

तोंडातून शब्द नाही! ज्या पोरानं मला पूर्ण सांगितला, अतीश सांगितला, म्हाताऱ्या शुद्धोदनाचं रडणं सांगून इथं डोंगरात मला रडवलं, त्याच्या तोंडातून शब्द नाही म्हणून लोक माझ्यापाशी त्याचं कौतुक करतात. कागद घ्यायचे विसरून मी परतीच्या एस.टी.त बसले. तिथं मला कळलं की मला विचारलं जावं एवढंच हवं होतं. ते तू केव्हाच दिलंस. त्यावर आणखी एक वर्ष मी फुकट उकळलं.

बुधीला सांगितलं. ती म्हणाली, “अजून नाय बांधले तांदूळ? मंग त्याचा काय दोस?”

तेव्हा ऐक. परवानगी आहे. मला तू जायला नकोच आहेस, आजही नकोस, आणि वैशाखी पौर्णिमेला तर मुळीच नकोस. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं होतात म्हणून सगळीकडे उत्सव असेल, आणि शाळेत पोरांची फेरी काढताना मला तू दिसत राहशील. तरी परवानगी आहे. रागानं दिलेली नाही, कंटाळूनही नाही. कुणी मध्ये पडलेलं नाही.

राजीनामा आधी दे. सरकारी चाकरीत नाहीस ना, असं विचारतात. तो प्रश्न मला पाठ आहे. नोकरी शोधतानाही पाठ होता.

तांदूळ बांधले आहेत, आपल्या पोशेऱ्याच्या मामांच्या शेतातले. रविवारी येऊन घेऊन जा. भन्तेंच्या पुढं ठेव. ते काय समजायचं ते समजतील.

मग ते पुन्हा विचारतील, आई-बापाची परवानगी आहे का. मागच्यासारखा गप्प राहू नकोस, आणि आई-बाप हयात नाहीत असंही सांगू नकोस. ‘हो’ म्हण. ते खोटं होणार नाही.

बाय